विश्लेषण : विद्यार्थ्यांची माहिती जमते भरपूर, पण ती वर्गात परतते का?

राज्यातील शाळांत वर्षातून तीनदा चाचण्या होतात. त्यांचे गुण चॅटबॉटवर भरले जातात. हजेरी, आधार, अध्ययन स्तर, ‘अपार’ क्रमांक हे सारे ऑनलाइन नोंदवले जाते. विद्यार्थ्यांची एवढी माहिती यापूर्वी कधीच गोळा झाली नव्हती. पण या माहितीमुळे शिकवणे आणि शिकणे खरेच सुधारते का? भारतातील शाळांमध्येच झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष याबाबत विचार करायला लावणारे आहेत.

गुण सारखेच, मग अडचण कुठे?

चौथीतील एका मुलाला आणि एका मुलीला गणिताच्या चाचणीत १० पैकी ४ गुण मिळाले आहेत, असे समजू. मुलाने ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ लिहिले आहे आणि ८३ वजा ४६ याचे ४३. म्हणजे तो प्रत्येक घरातील मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो. वरचा अंक लहान असेल तर एक दशक मोकळे करून त्याचे दहा एकक करायचे असतात, हे त्याला उमगलेले नाही. मुलीने मात्र उभ्या मांडणीतील सर्व वजाबाक्या बरोबर केल्या आहेत, पण शाब्दिक उदाहरणे कोरी सोडली आहेत. तिला गणित येते. उदाहरण वाचता येत नाही.

गुणांच्या तक्त्यात दोघांच्या नावापुढे ४ हाच आकडा येतो. केंद्राच्या, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या अहवालात तर तोही दिसत नाही, फक्त सरासरी दिसते. उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत. मुलाला काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन हातच्याची वजाबाकी पुन्हा शिकवावी लागेल. मुलीला गणिताचा जादा तास देऊन काहीच साधणार नाही, तिच्यासोबत रोज वाचन घ्यावे लागेल.

विद्यार्थ्यांच्या माहितीचा शिकवण्यासाठी उपयोग म्हणजे थोडक्यात हेच. कोणत्या मुलाचे नेमके कुठे अडले आहे हे कळणे आणि त्यानुसार दुसऱ्या दिवशीचा तास बदलणे. पहिली पायरी आता बऱ्यापैकी यंत्रणेच्या आवाक्यात आहे. खरी गाडी अडते ती दुसऱ्या पायरीवर.

सध्या कोणकोणती माहिती गोळा होते?

देशभरातील शाळांची माहिती ‘यू-डायस’ प्रणालीतून जमा होते. सुरुवातीला ती शाळानिहाय होती, म्हणजे किती मुले, किती शिक्षक, किती खोल्या, स्वच्छतागृह आहे की नाही. २०२२-२३ पासून ‘यू-डायस प्लस’मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. महाराष्ट्राने हे पाऊल त्याआधीच, २०१५ मध्ये, ‘सरल’ प्रणालीद्वारे टाकले होते.

त्याच वर्षी, २२ जून २०१५ रोजी, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. भाषा आणि गणित या विषयांच्या राज्यस्तरीय पायाभूत आणि संकलित चाचण्या त्यातून सुरू झाल्या. प्रत्येक मूल कुठे आहे हे पाहून तेथून पुढे शिकवायचे, हा त्यामागचा विचार होता.

आता ‘नियतकालिक मूल्यांकन चाचणी’ म्हणजेच ‘पॅट’ घेतली जाते. जागतिक बँकेच्या साहाय्याने सहा राज्यांत राबवलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पाचा ती भाग होती. महाराष्ट्र या सहा राज्यांपैकी एक. वर्षात तीन चाचण्या होतात. सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक आणि संकलित दोन. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे विषय असतात. उत्तरपत्रिका शिक्षक तपासतात आणि गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरतात. असे केंद्र गुजरातने गांधीनगरमध्ये २०१९ मध्ये सुरू केले आणि नंतर तो नमुना इतर राज्यांनी घेतला.

याशिवाय ‘निपुण भारत’ अभियानांतर्गत मुलांचे अध्ययन स्तर नोंदवले जातात. मूल अक्षर ओळखते की शब्द, वाक्य वाचते की उतारा, हे त्यात पाहिले जाते. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे असे ५ जुलै २०२१ रोजी अभियान सुरू करताना ठरले.

‘असर’ आणि ‘परख’ यांचे आकडे वेगळे का?

‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण घरोघरी जाऊन होते. त्याच्या २०२४ च्या अहवालानुसार, देशातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते आणि करोनापूर्वी, २०१८ मध्ये, २०.९ टक्के. केंद्र सरकारच्या ‘परख’ सर्वेक्षणात ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची चाचणी झाली. त्यात तिसरीच्या ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या, तर सहावीच्या ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे येत होते.

ही दोन्ही नमुना सर्वेक्षणे आहेत. भाताची शिते चाचपून पाहावीत तशी काही मुले निवडून तपासली जातात. देशात किंवा राज्यात परिस्थिती सुधारते आहे की बिघडते आहे, हे कळण्यासाठी ती आवश्यकच आहेत. पण एखाद्या शाळेतील चौथीच्या वर्गशिक्षिकेला उद्या काय शिकवायचे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तिला स्वतःच्या वर्गातील प्रत्येक मुलाची माहिती लागते. चाचण्या आणि स्तरनिश्चिती यांचा हेतू तोच आहे.

निदान अचूक असले तर मुले शिकतात?

‘शिक्षकाला मुलांच्या चुकांची नेमकी माहिती दिली की तो शिकवण्यात सुधारणा करील’, हे ऐकायला पटण्यासारखे आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी ते आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांमध्ये तपासून पाहिले. १०० शाळांतील शिक्षकांना मुलांच्या चाचणीचा सविस्तर निदान-अहवाल दिला गेला. तो कसा वापरायचा याच्या सूचना दिल्या आणि अधूनमधून वर्गाची पाहणीही झाली. त्याची तुलना असे काहीच न मिळालेल्या शाळांशी केली.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, वर्गात कोणी पाहायला आले की या शाळांतील शिक्षक अधिक मेहनत घेताना दिसत. वर्षाअखेरीस स्वतंत्रपणे घेतलेल्या चाचणीत मात्र त्यांची मुले इतर शाळांतील मुलांपेक्षा पुढे नव्हती. अहवाल मिळाला, पण शिकण्यात फरक पडला नाही.

हरियाणातील प्रयोग याहून बोलका आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर देशभर ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आले. वर्षाअखेरच्या एकाच परीक्षेऐवजी वर्षभर मुलांचे निरीक्षण करायचे, नोंदी ठेवायच्या आणि त्यानुसार शिकवायचे, अशी ती पद्धत. महाराष्ट्रातील शिक्षकांना तिच्या नोंदवह्या चांगल्याच आठवतात. हरियाणात ५०० शाळांमध्ये तिची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. काही शाळांत हे मूल्यमापन, काहींत ‘प्रथम’च्या धर्तीवरचा अध्ययन समृद्धी कार्यक्रम, काहींत दोन्ही आणि काहींत यापैकी काहीच नाही.

नोंदींवर आधारलेल्या मूल्यमापनाचा मुलांच्या गुणांवर दखल घेण्यासारखा परिणाम आढळला नाही. दुसऱ्या कार्यक्रमात मोजमाप अगदी साधे होते. मुलाला एक-एक करून वाचायला लावायचे आणि अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट, एवढे टिपायचे. पण त्यानंतर रोज ठरावीक वेळ मुले इयत्तेनुसार न बसता स्तरानुसार गटांत बसत आणि शिक्षक त्या स्तराचेच शिकवत. या शाळांतील मुलांच्या हिंदीत स्पष्ट सुधारणा झाली.

राज्य तेच आणि शिक्षकही सरकारी शाळांचेच. एका ठिकाणी नोंदी भरपूर होत्या, पण वर्गाची घडी तीच राहिली. दुसऱ्या ठिकाणी नोंद मोजकी होती, पण तिच्यामुळे मूल कुठे बसणार आणि पुढचा तासभर काय शिकणार हे बदलत होते.

मुंबईतील ‘बालसखी’ने काय दाखवले?

या पद्धतीची मुळे महाराष्ट्रात आहेत. ‘प्रथम’चे काम नव्वदच्या दशकात मुंबईतील वस्त्यांमधून सुरू झाले. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम राबवला गेला. परिसरातील शिकलेली तरुणी, म्हणजे बालसखी, वर्गात मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना शाळेच्या वेळेतच सुमारे दोन तास वेगळे घेऊन मूलभूत वाचन आणि गणित शिकवत असे.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. दुसऱ्या वर्षाअखेर गुणांमधील सुधारणा ०.२८ प्रमाण विचलन एवढी होती. सोप्या भाषेत, शंभर मुलांत मधोमध, म्हणजे पन्नासाव्या क्रमांकावर असलेले मूल साधारण एकोणचाळिसाव्या क्रमांकावर यावे एवढी. सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागच्या कामात अशा प्रयोगांचा मोठा वाटा आहे.

तंत्रज्ञानही याच तत्त्वावर उपयोगी पडते. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास झाला, तेव्हा शाळेनंतरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत मुलांच्या गणितात आणि हिंदीत मोठी सुधारणा दिसली. मूल चुकले की हा कार्यक्रम चुकीचा प्रकार ओळखून पुढचा प्रश्न त्यानुसार देतो. मिळालेली माहिती काही सेकंदांत त्याच मुलासाठी वापरली जाते. ती कुठल्या अहवालात जाऊन तीन महिन्यांनी परत येत नाही.

आकडे फुगतात कसे?

माहितीवर विसंबायचे तर ती खरी हवी. अर्थतज्ज्ञ अभिजित सिंग यांनी मध्य प्रदेशातील सरकारी चाचणीच्या निकालांची पडताळणी केली. त्याच मुलांची स्वतंत्रपणे पुन्हा चाचणी घेतल्यावर अधिकृत निकाल प्रत्यक्षापेक्षा बरेच फुगलेले असल्याचे दिसले. आंध्र प्रदेशात कागदाऐवजी टॅब्लेटवर चाचणी घेतली, तेव्हा हा फुगवटा बराच कमी झाला.

याचा अर्थ शिक्षक अप्रामाणिक आहेत, असा काढणे सोपे आणि चुकीचे ठरेल. ज्या आकड्यावरून शाळेची, केंद्राची किंवा तालुक्याची तुलना होणार, खालचा क्रमांक आला की खुलासा मागितला जाणार, तो आकडा खाली ठेवण्याची हिंमत कोण करील? फळ्यावर उत्तर लिहून देणारा शिक्षक अनेकदा वरच्या बैठकीत मान खाली घालावी लागू नये, एवढेच पाहत असतो. नुकसान मुलाचे होते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावापुढे ‘उतारा वाचतो’ अशी नोंद झाली की, त्याला मदतीची गरज आहे हेच यंत्रणेच्या दृष्टीने पुसले जाते.

एकच आकडा दोन कामांसाठी वापरला की हे घडते. मुलाच्या अडचणीचे निदान आणि शाळेची परीक्षा, ही दोन वेगळी कामे आहेत. डॉक्टरकडे रक्त तपासायला दिले आणि साखर जास्त निघाल्याबद्दल दंड होऊ लागला, तर लोक तपासणीच टाळतील किंवा दुसऱ्याचे रक्त देतील. शाळांच्या तुलनेसाठी ‘परख’सारखी, त्रयस्थांनी घेतलेली नमुना सर्वेक्षणे आहेत. वर्गातील चाचणीचा उपयोग वर्गापुरता ठेवला तर ती खरी राहण्याची शक्यता वाढते.

शिक्षकांचा आक्षेप काय?

एक साधा हिशेब पाहू. एका शिक्षकाकडे ४० मुले, तीन विषय आणि वर्षात तीन चाचण्या. म्हणजे ३६० उत्तरपत्रिका. एका उत्तरपत्रिकेला तपासणे, बेरीज आणि नोंद मिळून दहा मिनिटे धरली, तरी ६० तास होतात. द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात आणि चाचणीच्या आठवड्यात उरलेल्या वर्गांकडे पाहायलाही तोच असतो.

यात हजेरी, पोषण आहाराच्या नोंदी, ‘यू-डायस’, ‘सरल’, आधार पडताळणी यांची भर पडते. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी संचमान्यता विद्यार्थिसंख्येवर होते आणि त्यासाठी आधार वैध ठरलेले विद्यार्थी मोजले जातात. आधारवर नावातील एक वेलांटी किंवा जन्मतारखेतील एक अंक वेगळा असला की मूल रोज वर्गात बसत असूनही मोजणीत अडकते. मग पालकांना शोधा, आधार केंद्रावर पाठवा, पुन्हा माहिती भरा. दुर्गम भागात नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते, ती वेगळीच.

तक्रार माहिती भरण्याबद्दल जेवढी आहे, त्याहून अधिक ती भरल्यावर काहीच परत येत नाही याबद्दल आहे. उत्तरपत्रिका तपासताना मुलांच्या चुका शिक्षकाला दिसतातच. पण संकलित चाचणी संपते तेव्हा अभ्यासक्रम मागे राहिलेला असतो, पुढचा पाठ घ्यायचा असतो. दशक मोकळे न करता वजाबाकी करणाऱ्या मुलासाठी आठवडाभर थांबण्याची मुभा वेळापत्रकात नसते. अशा वेळी निदान बरोबर असूनही औषध द्यायला वेळ उरत नाही.

मूल गाव सोडून गेले तर माहितीचे काय?

माहितीचा सर्वाधिक उपयोग ज्यांना व्हायला हवा, त्यांत ऊसतोड कामगारांची मुले येतात. बीड आणि मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखरपट्ट्यात जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. शाळेचे अर्धे वर्ष या मुलांच्या हातून जाते. पायाभूत चाचणी गावात होते, संकलित चाचणीच्या वेळी मूल फडावर असते.

अशा मुलांना दुसऱ्या गावातील शाळेत विनाअडथळा बसता यावे म्हणून राज्यात ‘शिक्षण हमी पत्रक’ देण्याची पद्धत आहे. मुले गावातच राहावीत यासाठी हंगामी वसतिगृहेही चालवली जातात. येथे विद्यार्थीनिहाय नोंदींचा खरा कस लागतो. नव्या शाळेतील शिक्षकाला मुलाचा आधार क्रमांक कळून फारसे काही साधत नाही. ‘शब्द वाचते, वाक्यात अडखळते, बेरीज येते, वजाबाकी नाही’ एवढी एक ओळ त्याच्यापर्यंत पोहोचली, तर मूल मागच्या बाकावर बसून दोन महिने गप्प राहण्याऐवजी पहिल्या दिवसापासून शिकू शकते.

सलग गैरहजेरी हाही एक इशारा असतो. आठवडाभर न आलेल्या मुलीच्या घरी शिक्षक त्याच आठवड्यात गेले, तर ती परत येण्याची शक्यता असते. महिन्याच्या अहवालात टक्केवारी म्हणून ती दिसेपर्यंत तिचे लग्न ठरलेले किंवा कुटुंब निघून गेलेले असू शकते.

मुलांच्या माहितीची सुरक्षितता किती?

मुलाचे नाव, जन्मतारीख, जात प्रवर्ग, अपंगत्व, गुण, हजेरी हे सारे एका ठिकाणी आले की धोकाही वाढतो. शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या ‘दीक्षा’ या सरकारी अ‍ॅपशी संबंधित माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी राहिल्याचे जानेवारी २०२३ मध्ये समोर आले. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती होती.

त्याच वर्षी केंद्राने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यात बालक मानली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे. मुलांबाबतच्या तरतुदींचा भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शाळांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी काही सवलती आहेत. १२ अंकी ‘अपार’ क्रमांकासाठीही पालकांची संमती घेतली जाते. ती देणे ऐच्छिक आहे.

दुसरा धोका कायद्याच्या कक्षेत येत नाही. स्तर ही त्या दिवसाची नोंद असते, तो मुलाचा शिक्का बनता कामा नये. वर्गाच्या भिंतीवर ‘अक्षर स्तर’ असे लिहून त्याखाली नावे लावली की, मधल्या सुट्टीत त्याचे भाषांतर ‘ढ’ असे होते. मुलेही ते लक्षात ठेवतात आणि शिक्षकांच्या अपेक्षाही नकळत त्यानुसार ठरतात. म्हणूनच स्तरानुसार गट करताना ते दर काही आठवड्यांनी बदलणे, पुढे गेलेले मूल लगेच पुढच्या गटात नेणे आणि हे गट दिवसातील ठरावीक वेळेपुरतेच ठेवणे महत्त्वाचे ठरते.

मग काय करायला हवे?

या प्रयोगांतून काही गोष्टी पुरेशा स्पष्ट होतात. एक, मोजमाप छोटे आणि सोपे असावे; शिक्षकाला ते तासाभरात करता यावे आणि त्याच दिवशी वाचता यावे. दोन, एकूण गुणांपेक्षा चुकीचा प्रकार नोंदवला जावा. तीन, चाचणीनंतरचे काही दिवस पुढचा पाठ न घेता मागे राहिलेले भरून काढण्यासाठी राखून ठेवावेत आणि वरिष्ठांनी ते मान्य करावे. चार, वर्गातील चाचणीच्या आकड्यांवरून शाळांची क्रमवारी लावू नये. पाच, एकदा भरलेली माहिती पुन्हा दुसऱ्या पोर्टलवर भरायला लावू नये.

केंद्रप्रमुखांची भूमिकाही येथे बदलते. शिक्षण परिषदेत ‘किती शाळांची नोंद बाकी आहे’ याचा आढावा घेण्याऐवजी, हातच्याच्या वजाबाकीत कोणाच्या वर्गात मुले अडली आणि कोणी ती कशी शिकवली, यावर अर्धा तास बोलणे झाले, तर तीच माहिती शिक्षकांच्या कामाची होते. एका शाळेत जमलेली युक्ती शेजारच्या शाळेत पोहोचायला राज्याच्या डॅशबोर्डची गरज नसते.

पालकांनी काय विचारावे?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यामुळे हा विषय केवळ अधिकाऱ्यांचा नाही. पायाभूत किंवा संकलित चाचणी झाल्यानंतरच्या पालकसभेत मुलाला किती गुण पडले, हे विचारण्याआधी उत्तरपत्रिका पाहायला मागता येते. मूल कोणत्या प्रकारच्या प्रश्नात अडले, गेल्या वेळीही तिथेच अडले होते का आणि त्यासाठी येत्या महिन्यात वर्गात काय होणार आहे, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

घरीही एक तपासणी करता येते. मुलाला खालच्या इयत्तेच्या पुस्तकातील, पूर्वी न वाचलेला परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगावा आणि नंतर त्यात काय होते ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. अडखळले तर ते न रागावता शिक्षकांच्या कानावर घालावे. तिसरीत असताना हे लक्षात आले तर रोजच्या अर्ध्या तासाच्या वाचनाने पुष्कळ भरून निघते. सहावीत लक्षात आले तर तोवर इतिहास, विज्ञान आणि भूगोल या साऱ्याच विषयांची पुस्तके त्याच्यासाठी बंद झालेली असतात.